आधी मुक्कामांची उंची, मग रजा, मग तिकीट: बेळगाव भागातून हिमालयातल्या टीहाऊस ट्रेकची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची ट्रेकर मंडळी नेपाळचा बेत कागदावर आखून मला दाखवायला येतात. बहुतेक कागदांवर पहिल्या ओळीत जाण्याच्या विमानाची तारीख असते, शेवटच्या ओळीत परतीची, आणि मधल्या दिवसांत एव्हरेस्ट बेस कॅम्प कसाबसा बसवलेला असतो. तिकिटं स्वस्तात मिळाली म्हणून चार महिने आधीच काढलेली असतात. सह्याद्रीत असं चालून जातं, कारण तिथे उंचीचा प्रश्नच येत नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, आणि आपलं बेळगाव सुमारे ७५० मीटरवर. ३,००० मीटरच्या वर मात्र शरीर त्याच्या गतीनेच हवेला सरावतं. साहेबांनी किती दिवस रजा मंजूर केली, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

म्हणून खाली दिलेला क्रम पाळा. पहिले तीन टप्पे पूर्ण होईपर्यंत एकही तिकीट काढू नका.

टीहाऊस ट्रेक म्हणजे तंबू आणि स्वयंपाकाचं सामान न घेता, रोज वाटेवरच्या गावात लॉजवर मुक्काम करत केलेला ट्रेक. उदाहरणासाठी दोन मार्ग घेतले आहेत: अन्नपूर्णा बेस कॅम्प (४,१३० मीटर) आणि एव्हरेस्ट बेस कॅम्प (५,३६४ मीटर). सगळ्या उंच्या अंदाजे आहेत. नकाशागणिक पाच-पन्नास मीटरचा फरक दिसेल, त्याने बिघडत नाही.

## टप्पा १: मार्ग ठरवा

हिमालयात पहिल्यांदाच जात असाल तर अन्नपूर्णा घ्या, असं मी स्पष्टच सांगतो. तिथे निम्मे मुक्काम ३,००० मीटरच्या खाली आहेत, आणि त्रास झालाच तर एका दिवसात बरंच खाली येता येतं. शिवाय पोखरा शहरापर्यंत रस्त्याने जाता येतं, एव्हरेस्टची वाट जिथून सुरू होते त्या लुक्ला गावच्या विमानावर अवलंबून राहावं लागत नाही. एव्हरेस्टच्या वाटेवर सलग नऊ रात्री ३,४०० मीटरच्या वर काढाव्या लागतात. ती वाट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, दोरही लागत नाही. पण तिथून खाली यायला वेळ लागतो.

गटातल्या सर्वांत तंदुरुस्त माणसाकडे बघून मार्ग ठरवू नका. सर्वांत हळू चालणाऱ्याकडे आणि वयाने सर्वांत मोठ्या असलेल्याकडे बघा.

## टप्पा २: मुक्कामांच्या उंचीचा तक्ता लिहा

सगळी तयारी या एका कागदावर उभी आहे. घाई करू नका.

नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आजची झोपण्याची जागा कालच्यापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नसावी, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच गावात जादा काढावी. दिवसा किती उंच गेलात याला फारसं महत्त्व नाही, झोपलात कुठे ते बघायचं. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपणं तर फायद्याचंच.

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा तक्ता असा येतो:

१. लुक्ला (२,८६०) ते फाकदिंग: २,६१०
२. नामचे बझार: ३,४४०
३. नामचेतच मुक्काम. दिवसा ३,८०० पर्यंत चढून परत
४. तेंगबोचे: ३,८६०
५. दिंगबोचे: ४,४१०
६. दिंगबोचेतच मुक्काम. दिवसा मागच्या टेकडीवर जमेल तेवढं चढून परत
७. लोबुचे: ४,९१०
८. गोरक्षेप: ५,१६०. सामान ठेवून बेस कॅम्पला जाऊन परत
९. पहाटे काला पत्थर (गोरक्षेपजवळची टेकडी), मग उतरून फेरिचे
१०. नामचे
११. लुक्ला

यात दोन ठिकाणी नियम ताणला जातो. फाकदिंग ते नामचे एका दिवसात ८३० मीटर चढ होतो, कारण वाटेत मुक्कामाची गावं खालीच संपतात. म्हणून नामचेतली दुसरी रात्र अजिबात कापायची नाही. तेंगबोचे ते दिंगबोचेही ५५० होतात, म्हणून दिंगबोचेतही दोन रात्री. दिवस कमी पडले की लोक नेमक्या याच दोन रात्री कापतात. ‘तिथे नुसतं बसून काय करायचं’ असं म्हणून कापतात. त्या दोन रात्रींवर तर वरचा सगळा चढ उभा असतो.

अन्नपूर्णेचा तक्ता: पोखऱ्याहून जीपने झिनूच्या अलीकडे, तिथून चालत छोमरोंग (२,१७०), मग दोभान (२,६००), देउराली (३,२३०), माछापुच्छ्रे बेस कॅम्प (३,७००), अन्नपूर्णा बेस कॅम्प (४,१३०), उतरताना बांबू (२,३१०), आणि सातव्या दिवशी झिनूमार्गे पोखरा. इथली ठरलेली चूक म्हणजे देउरालीहून थेट अन्नपूर्णा बेस कॅम्प गाठणं. चालून होतं, वाटही अवघड नाही, पण झोपायची उंची एका दिवसात ९०० मीटर वाढते. रात्री डोकं धरून बसलेली मंडळी तिथे दिसतात ती बहुधा त्याच दिवशी देउरालीहून आलेली असतात.

तपासा: तक्त्यातल्या शेजारच्या दोन मुक्कामांची वजाबाकी करा. ३,००० च्या वर जिथे ५०० पेक्षा जास्त फरक येतो, तिथे पुढच्या गावी दोन रात्री लिहिल्यात का?

आता त्यात भर घाला: काठमांडू किंवा पोखऱ्यात तयारीचा एक दिवस, प्रवासाचे दिवस, आणि राखीव दिवस. राखीव दिवस एव्हरेस्टसाठी किमान दोन, अन्नपूर्णेसाठी किमान एक. एव्हरेस्ट बेस कॅम्पला बेळगावातून निघून बेळगावात परत यायला १८ ते २० दिवस लागतात, अन्नपूर्णेला १३ ते १५. एवढी रजा मिळत नसेल तर मार्ग बदला. तक्ता आवळू नका.

## टप्पा ३: हंगाम आणि घरची कामं यांचा मेळ

चांगले हंगाम दोन: मार्च ते मे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. जून ते सप्टेंबर पावसाचे. तेव्हा अन्नपूर्णेच्या वाटेवर जळवा असतात, खालचे रस्ते दरडींनी बंद पडतात आणि लुक्लाची विमानं ढगांमुळे अडकतात.

आपल्याकडे शिक्षकांना एक सोय आहे. कर्नाटकातल्या शाळांना सहामाही सुट्टी दसऱ्याला असते, म्हणजे बरोबर ऑक्टोबरात. पण त्याच दिवसांत नेपाळात दशैंचा सण असतो. सगळा नेपाळ गावाकडे निघालेला असतो, बसची तिकिटं मिळत नाहीत, सरकारी कचेऱ्या बंद राहतात आणि हमालही घरी गेलेले असतात. त्या सुट्टीत जायचं असेल तर परवाने, गाईड आणि अंतर्गत प्रवास दशैं सुरू होण्याआधी पक्के झालेले हवेत.

खानापूर-जांबोटी भागातल्या शेतकऱ्यांची भातकापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, निपाणी-चिक्कोडीकडच्या ऊसवाल्यांना तर कारखाना सुरू झाला की हलता येत नाही. त्यांनी एप्रिलचा विचार करावा. एप्रिलमध्ये दुपारनंतर ढग येतात, पण थंडी सोसवते. अन्नपूर्णेला मार्च-एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: देउरालीच्या आसपासच्या अरुंद दरीत वरून हिमकडे कोसळतात. तो भाग सकाळी लवकर ओलांडायचा, वाटेत फोटोसाठी रेंगाळायचं नाही, आणि नुकताच जोराचा हिमवर्षाव झाला असेल तर स्थानिक लॉजवाला ‘थांबा’ म्हणाला की थांबायचं.

## टप्पा ४: कागदपत्रं

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. एवढं ऐकून लोक निर्धास्त होतात आणि विमानतळावर आधार कार्ड पुढे करतात. विमानाने नेपाळला जाताना १५ ते ६५ वयोगटातल्या माणसाला आधार चालत नाही. चालू मुदतीचा पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक मूळ प्रत हवी. मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका.

आपल्या भागात नावाच्या स्पेलिंगचा घोळ फार होतो. मतदार कार्डावर नाव आधी कन्नडमध्ये नोंदलेलं असतं आणि त्यावरून इंग्रजीत उतरतं. आडनावात एक अक्षर कमी किंवा जास्त, वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे फक्त आद्याक्षर. पासपोर्टवर वेगळं, मतदार कार्डावर वेगळं, विम्यावर तिसरंच. तिकीट ज्या कागदावर काढणार त्याच कागदावरचं स्पेलिंग अक्षरशः उतरवून विमान, विमा आणि परवाना तिन्हीकडे वापरा. कार्ड दुरुस्त करायचं असेल तर त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम आधीच्या हंगामातच उरकून टाका.

परवाने दोन्ही मार्गांना लागतात. सार्क देशांतल्या नागरिकांना अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचं शुल्क १,००० नेपाळी रुपये आहे, सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं १,५०० आणि वर कर. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या भागात, स्थानिक पालिकेचा परवाना वेगळा, तो लुक्लात मिळतो. प्रवेशनाक्यावर भारतीय असल्याचा पुरावा दाखवा, नाहीतर इतर परदेशी लोकांचा दर लागतो. पासपोर्ट आकाराचे चार-सहा फोटो जवळ ठेवा.

गाईडबद्दल: १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकरांना परवानाधारक गाईड बंधनकारक केला. खुंबूत स्थानिक पालिकेने तो नियम लागू केलेला नाही. नियम काहीही असो, पहिल्या खेपेला गाईड घ्या. नोंदणीकृत संस्थेकडूनच घ्या, आणि गाईड व हमालाचा विमा आहे का ते विचारा.

विमा नीट वाचा. साधा प्रवास विमा इथे उपयोगाचा नाही. ‘साहसी खेळ’ किंवा ठरावीक उंचीवरचं ट्रेकिंग वगळलेलं असतं आणि ते आतल्या पानावर बारीक अक्षरात असतं. तुमच्या मार्गाच्या सर्वोच्च उंचीच्या वरपर्यंत संरक्षण आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च, या दोन गोष्टी पॉलिसीत शब्दांत लिहिलेल्या हव्यात. एजंटचं तोंडी ‘होय’ धरू नका. गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचे प्रकार २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत उघड झाले. म्हणून माणूस शुद्धीवर आणि स्थिर असेल तर आधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन, मग हेलिकॉप्टर. जीव धोक्यात असेल तर अर्थातच आधी माणूस खाली.

## टप्पा ५: आता तिकीट

विमानाने जाणाऱ्यांना बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्ली गाठून पुढे काठमांडू असा सरळ मार्ग पडतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं वेळापत्रक बिघडवतं. रेल्वेने जाणाऱ्यांनी पुणे किंवा मुंबईहून गोरखपूर गाठावं, तिथून बसने सुनौली, सीमा पायी ओलांडून पलीकडे भैरहवा आणि पुढे पोखरा. अन्नपूर्णेसाठी ही वाट स्वस्त आहे, पण शरीर थकतं. पोखऱ्यात एक पूर्ण दिवस झोपेला द्या.

लुक्लाच्या विमानाची गोष्ट वेगळी. गर्दीच्या महिन्यांत ही विमानं बहुतेक काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. काठमांडूहून मंथलीला गाडीने चार-पाच तास लागतात, म्हणून लोक मध्यरात्री निघतात आणि न झोपलेल्या अवस्थेत लुक्लात उतरून चालू लागतात. आदल्या दिवशीच मंथलीला जाऊन मुक्काम करा. सामानाची मर्यादा साधारण १५ किलो, हातातली पिशवी धरून.

सावधान: लुक्लाहून परतीचं विमान आणि काठमांडूहून भारतात येणारं विमान यांत किमान दोन दिवस मोकळे ठेवा. लुक्लात ढग आले की सगळं थांबतं. मग परतीचं तिकीट चुकू नये म्हणून वरच्या विश्रांतीच्या रात्री कापल्या जातात, आणि आपण पुन्हा पहिल्याच चुकीवर येतो.

पैशांचं थोडक्यात: १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी, हा दर ठरलेला आहे. काठमांडू-पोखऱ्यातल्या काही दुकानांत यूपीआय चालतं, वर रोखच लागते. एव्हरेस्टच्या वाटेवर नामचेनंतर एटीएमवर भरवसा ठेवू नका, अन्नपूर्णेला पोखऱ्यातच पैसे काढून घ्या. निघण्यापूर्वी मोबाईलवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही आणि खात्यात पैसे असून माणूस अडकतो.

## टप्पा ६: बारा आठवड्यांची तयारी

बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात रोज सकाळी तासभर चालणारे बरेच जण ‘माझी तयारी आहे’ म्हणतात. सवय चांगलीच आहे, पण ती जागा सपाट. टीहाऊस ट्रेकला रोज पाच-सहा तास, सलग दहा दिवस, पाठीवर वजन घेऊन चढायचं आणि उतरायचं असतं.

पहिले चार आठवडे: आठवड्यातून चार दिवस तासभर भरभर चालणं, आणि रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड. तो लहान आहे, म्हणून एकदा चढून फोटो काढून परत न येता पायथ्यापासून तीनदा चढ-उतार करा.

पाचवा ते नववा आठवडा: पाठीवर सहा-सात किलो. देवरवाडीच्या वैजनाथापासून महिपाळगड चढून यावं. चंदगडकडच्यांना कलानिधीगड आणि पारगड जवळ आहेत, निपाणीकरांना तवंदी घाट, संकेश्वरकडच्यांना वल्लभगड. भीमगडाचा परिसर अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका.

दहावा आणि अकरावा आठवडा: शनिवार-रविवार लागोपाठ दोन्ही दिवस पाच तास. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जड असताना चालता येतं का, हीच खरी परीक्षा. बारावा आठवडा हलका ठेवा.

चढण्याइतकंच उतरण्यावर लक्ष द्या. गुडघे आणि अंगठ्याची नखं जातात ती उतरताना. उताराला लागण्यापूर्वी बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. नखं दोन दिवस आधी कापा, निघायच्या दिवशी नको. काठ्या वापरणार असाल तर त्यांची सवय इथेच करा.

एक गैरसमज दूर करतो. कितीही गड चढलात तरी त्याने उंचीची सवय होत नाही. तयारीने पाय आणि दम सुधारतो, कमी प्राणवायूचा सराव मात्र तिथेच, रात्रीमागून रात्र काढूनच होतो. उलट तंदुरुस्त तरुण वेगाने वर जातात आणि आधी आजारी पडतात.

तपासा: जे बूट घालून जाणार त्याच बुटांत, त्याच मोज्यांसह, किमान दोन लांब चाली झाल्या का? नवे बूट काठमांडूत घेऊ नका.

## टप्पा ७: पाठपिशवी

पोर्टर घेतलात तरी स्वतःच्या पाठीवर पाच-सहा किलो असतंच. दोघांत मिळून एक पोर्टर ठेवा आणि त्याचं ओझं २० किलोच्या आत ठेवा.

कपडे तीन थरांत: अंगालगत घाम सुकवणारा, मधे फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारा. मुक्कामावर घालायला पिसांचं जाड जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा, घामाने ओलं सुती कापड उंचावर सुकत नाही आणि अंग गार पडतं. पिसांचं जॅकेट आणि उणे १० अंशांची स्लीपिंग बॅग काठमांडूच्या ठमेलमध्ये किंवा पोखऱ्यात भाड्याने मिळते. एका ट्रेकसाठी विकत घेण्याची गरज नाही. लोकरी टोपी, दोन जोड हातमोजे, चांगला गॉगल, डोक्याचा टॉर्च, सनस्क्रीन, दोन पाण्याच्या बाटल्या आणि क्लोरीनच्या गोळ्या.

खाऊ आपलाच न्या, पण टिकणारा: डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, आणि शेंगाचटणीची लहान पुडी. रोजच्या दालभाताला तिची चव लागते आणि वर गेल्यावर तोंडाला चव राहत नाही तेव्हा दोन घास जास्त जातात. कुंदा मात्र खव्याचा, प्रवासाच्या उन्हात टिकणार नाही. तो काठमांडूपर्यंत संपवा.

## टप्पा ८: डॉक्टर आणि औषधं

निघण्यापूर्वी दीड महिना आधी आपल्या डॉक्टरांना तक्ता दाखवा. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, गरोदरपण यांपैकी काही असेल तर त्यांच्या सल्ल्याशिवाय पुढचं पाऊल नको. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते रात्री अंगाजवळ ठेवावं, गोठलं की निकामी होतं. थंडीत ग्लुकोमीटरही चुकीचे आकडे दाखवतो.

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, उंचीचा त्रास टाळायला देतात. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढ सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून, असा प्रघात आहे. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. बोटांना मुंग्या येतात, लघवी वारंवार होते. म्हणून डॉक्टरांच्या परवानगीने एक-दोन दिवस घरीच घेऊन बघावी. गोळी घेतली म्हणून चढ वेगाने करता येत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर बंद.

## टप्पा ९: वाटेवरचा दिवस

सकाळी सात-साडेसातला निघा, दुपारी दोनच्या आत मुक्कामावर पोहोचा. दुपारनंतर वारा सुटतो आणि हंगामात खोल्याही भरतात. गावात शिरल्यावर लॉज बघताना आधी खोलीचा भाव ठरवा. खोली स्वस्त मिळते ती रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी तिथेच करण्याच्या अटीवर. एका लॉजवर झोपून दुसरीकडे जेवायला जाऊ नका, मालकाचं उत्पन्न जेवणातूनच येतं. गरम पाणी, चार्जिंग, वायफाय यांचे पैसे वेगळे, आणि वर जाल तसे वाढत जातात.

जेवण म्हणजे दालभात. ताजा शिजतो आणि भात-डाळ पुन्हा वाढतात. ऑर्डर पोहोचल्याबरोबर द्या आणि गटाने शक्यतो एकच पदार्थ सांगा, आठ जणांचे आठ पदार्थ एका चुलीवर व्हायला तास-दीड तास जातो. नामचेच्या वर मांस टाळा, ते खालून माणसांच्या पाठीवर किंवा जनावरांवर येतं आणि ताजं नसतं. पाणी उकळलेलं किंवा गोळी टाकून, दिवसाला तीन-चार लिटर.

चालण्याचा वेग असा की शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे.

सावधान: याक किंवा खेचरं समोरून आली की डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला कधीही नाही. झुलत्या पुलावर जनावरं आधी जाऊ द्या.

## टप्पा १०: रोज संध्याकाळची तपासणी

दिंगबोचेच्या एका लॉजमध्ये जांबोटीकडचा एक तरुण ताट पुढे सरकवून भिंतीला टेकून बसला होता. भाताचे चार घासही गेले नव्हते. मी विचारलं, “काय रे, जेवत नाहीस काय?” “काही नाही दादा, पित्त झालंय. झोपलं की उतरतंय.” पित्त! आपल्याकडे डोकं दुखलं, मळमळलं की पहिला शब्द हाच येतो, आणि ट्रेकवर तोच घात करतो. ३,००० मीटरच्या वर डोकेदुखीसोबत मळमळ, भूक मरणं, चक्कर किंवा फार थकवा आला, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. त्याला उठवून जमिनीच्या फळ्यांमधल्या रेघेवर टाचेला चवडा लावत दहा पावलं चालायला लावलं. तोल गेला नाही, शब्दही स्पष्ट होते. म्हणजे त्रास सौम्य होता. त्याला पाणी आणि डोकेदुखीची गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी वर न जाता तिथेच ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःहून भात मागितला, मग निघालो.

ही तपासणी प्रत्येकाची, रोज, जेवणाआधी करा. विचारायचं असं: डोकं दुखतंय का? जेवण जातंय का? रात्री झोप लागली का? बसल्या जागी धाप लागते का? आणि मग ती रेघ.

निर्णय तीन प्रकारचे:

१. सौम्य लक्षणं: त्याच उंचीवर थांबा. लक्षणं पूर्ण जाईपर्यंत एक मीटरही वर नाही.

२. २४ तासांत बरं नाही किंवा वाढतंय: खाली उतरा, जिथे शेवटचं बरं वाटत होतं त्या गावापर्यंत तरी.

३. रेघेवर चालता येत नाही, बरळणं, गुंगी, किंवा बसल्या जागी धाप, सतत खोकला, फेसाळ गुलाबी थुंकी: मेंदूला किंवा फुप्फुसाला सूज आली आहे. लगेच खाली, रात्र असली तरी. सकाळची वाट बघू नका. रुग्णाला एकट्याने पाठवू नका, सोबत गाईड हवाच. नेपाळी न येणाऱ्या एकट्या मित्राच्या भरवशावरही सोडू नका.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर निर्णय सोपवू नका. थंड बोटांवर तो भलतेच आकडे दाखवतो, आणि आकडा चांगला असूनही माणूस आजारी असू शकतो.

एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे इथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदतकेंद्र हंगामात सुरू असतं, तिथे दुपारी उंचीच्या त्रासावर माहिती सांगतात. दिंगबोचेच्या विश्रांतीच्या दिवशी तिथे जाऊन या. नामचेच्या वर खुंदे इथे १९६६ पासूनचं रुग्णालय आहे.

हे निर्णय कोण घेणार, ते बेळगाव सोडण्यापूर्वीच ठरवा. एकाचं नाव लिहा, आणि तो ‘खाली’ म्हणाला की चर्चा नाही, हे सगळ्यांकडून कबूल करून घ्या. वर गेल्यावर, शिखर समोर दिसत असताना, ही गोष्ट कुणी कबूल करत नाही.

## टप्पा ११: उतरताना

बेस कॅम्प झाला की मंडळी एका दिवसात दोन दिवसांचा उतार करायला बघतात. पाय थकलेले असतात, लक्ष घराकडे असतं, आणि घोटे मुरगळतात ते याच दोन दिवसांत. तक्त्याप्रमाणेच उतरा.

गाईड-पोर्टरची बक्षिसी शेवटच्या संध्याकाळी, गटाची एकत्र करून, प्रत्येकाच्या हातात वेगवेगळी द्या. पोर्टरचा वाटा गाईडकडे देऊ नका. वापरलेली पण चांगली हातमोजे-टोपी पोर्टरला हवी आहे का ते विचारा.

उरलेले नेपाळी रुपये काठमांडूत किंवा सीमेवरच बदलून घ्या, बेळगावात ते घेणारा मिळणं अवघड. घरी आल्यावर पंधरवड्यात ताप, जुलाब किंवा न थांबणारा खोकला झाला तर डॉक्टरांना नेपाळला जाऊन आल्याचं आणि डायमॉक्स घेतल्याचं आधी सांगा.